चौका, कुंचला आणि संगणक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात 'घरातील तरुण कलावंत' या विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या संस्थेला 50 वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिने काय उभारले याचा हिशेब मांडला जातो. मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळा, स्वाध्याय भवन, विद्यार्थ्यांना दिलेल्या शिष्यवृत्त्या, चातुर्मासातील व्यवस्था या सर्वांची नोंद या स्मरणिकेत यथास्थित झालेली आहेच. परंतु हिशेबाच्या वहीत सहसा न येणारी एक बाब असते. समाजातील मुलामुलींच्या अंगी असलेले गुण संस्थेच्या सावलीत किती फुलले आणि किती कोमेजले, ती ही बाब. आजचे विवेचन अशाच एका गुणाविषयी, म्हणजे चित्रकलेविषयी आहे. चित्रकलेच्या जोडीला घरचा साधा स्वयंपाक आणि संगणकावरील नवी डिजिटल कला हेही विषय येणार आहेत. वरवर पाहता या तिन्हींचा परस्परांशी संबंध दिसत नाही. परंतु जैन घरात वाढणाऱ्या तरुण कलावंताच्या दिनक्रमात ही तिन्ही एकाच दिवसात, पुष्कळदा एकाच हाताने होत असतात.

आरंभ प्रथम तीर्थंकरांपासून करणे उचित ठरेल. भोगभूमीची व्यवस्था संपली तेव्हा भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली. यांत शिल्प म्हणजे हाताची कला शेती-व्यापाराच्या बरोबरीने मोजलेली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात असेही वर्णन आहे की भगवंतांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या दोन कन्यांना जवळ बसवून एका हाताने ब्राह्मीला अक्षरे आणि दुसऱ्या हाताने सुंदरीला अंक शिकविले. विद्येचा पहिला पाठ असा कन्यांना मिळाला. आजचा संगणक अंकांवरच चालतो. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक रंग त्याच्या पोटात अंकांच्या रूपाने साठविलेला असतो. ब्राह्मीचे अक्षर आणि सुंदरीचा अंक या यंत्रात एकत्र आले आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून 'संगणकावरची चित्रे ही आपली परंपरा नव्हे' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा.

आपल्या पूर्वजांनी प्रत्येक काळात त्या त्या काळाचे साधन स्वीकारले आहे. वेरूळच्या जैन लेण्यांत, विशेषतः इंद्रसभेत, पाषाण कोरून झाल्यावर छतांवर रंगीत चित्रे काढण्यात आली. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर धवलादी सिद्धांतग्रंथ लिहिले गेले आणि त्यांतील काही पानांवर चित्रेही आली. गुजरात-राजस्थानात कल्पसूत्राच्या आणि कालकाचार्य कथेच्या सचित्र पोथ्या आधी ताडपत्रावर आणि चौदाव्या शतकापासून उत्तरोत्तर कागदावर तयार झाल्या. ताडपत्राची उंची जेमतेम चार बोटांची असल्यामुळे चित्र लहानशा चौकोनात बसवावे लागे. कागद आल्यावर पान मोठे झाले, तांबड्या पार्श्वभूमीच्या जोडीला निळा रंग आणि सोने आले. लेखनिक मजकूर लिहिताना चित्रासाठी जागा मोकळी सोडी आणि चित्रकाराला कळावे म्हणून समासात बारीक अक्षरांत सूचना लिहून ठेवी. नंतर चित्रकार ती जागा भरी. एका पोथीमागे लिहिणारा, चितारणारा आणि द्रव्य देणारा श्रावक असे तीन प्रकारचे हात असत.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा फार निकटचा संबंध आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील सिद्धांतग्रंथांच्या प्रती व्हाव्यात म्हणून सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खटपट केली. प्रती उतरविण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग 1939 साली अमरावतीहून छापून निघाला. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हेच सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ताडपत्र, कागद, छपाई आणि ताम्रपट ही सर्व साधने श्रुताच्या सेवेत आली. त्याच रांगेत आज संगणकाचा पडदा उभा आहे. त्याला दारातून परत पाठविण्याचे कारण नाही. मात्र तो कोणाच्या हाती आणि कोणत्या संस्काराने चालेल, याची चिंता करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

आता एखाद्या घराकडे वळू. दहावी-अकरावीत शिकणारी मुलगी आहे. लहानपणी पर्युषण पर्वात मंदिराच्या प्रांगणात रांगोळी काढता काढता तिचा हात वळला. मातेच्या सोळा स्वप्नांची चित्रे तिने पाठशाळेच्या वहीत रंगविली. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट तिने चांगल्या श्रेणीत पार केल्या. तिचे छंदही तिच्या कलेला पूरक आहेत. मंदिराच्या खांबांवरील वेलबुट्टीच्या नकला वहीत उतरवून घेणे, पक्षी आणि झाडे न्याहाळणे, जुन्या लग्नपत्रिका आणि टपाल तिकिटे जमविणे, आजीच्या तोंडून व्रतकथा ऐकून त्यांची चित्रे काढणे, यांत तिची सुटी जाते. या छंदांना पैसा लागत नाही आणि कोणत्याही जीवाला पीडाही होत नाही.

या मुलीला घरातच आणखी एक शाळा लाभलेली असते. ती म्हणजे स्वयंपाकघर. आपल्या घरांतील साध्या स्वयंपाकात किती शिस्त भरलेली आहे, याची रोजच्या सवयीमुळे जाणीव राहत नाही. सकाळी पाणी दुहेरी वस्त्राने गाळायचे आणि वस्त्रावर राहिलेली जिवाणी जपून जलाशयात पोहोचवायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त म्हणजे 48 मिनिटे. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि हिवाळ्यात 7 दिवस. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळे वर्ज्य. हळद आणि सुंठ मात्र वाळवलेली असल्याने चालते. कच्च्या दह्यात डाळीचे पदार्थ मिसळायचे नाहीत, कारण त्यात द्विदलाचा दोष. चातुर्मासात पालेभाज्या बंद, म्हणून उन्हाळ्यातच सांडगे, पापड, शेवया वाळवून डबे भरायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूर्य मावळण्यापूर्वी जेवण आटोपायचे.

जी मुलगी या स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली राबते, तिला तीन गोष्टी न सांगता कळतात. प्रत्येक वस्तूला मुदत असते, प्रत्येक कामाला वेळ ठरलेली असते, आणि थोड्या साहित्यातही चव आणता येते. कांदा-लसणाच्या आधाराशिवाय आमटी रुचकर करायची तर जिरे किती तडतडू द्यायचे, हिंग कोणत्या क्षणी टाकायचे, आमसूल किती घालायचे, हे जिभेला आणि नाकाला उमजावे लागते. चित्रकारालाही मोजकेच रंग हाती असताना असाच विवेक करावा लागतो. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या हाताकडे पाहावे. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगले मळले नाही तर भाकरीला चिरा पडतात, आणि कडा मध्यापेक्षा जाड राहिल्या तर ती फुगत नाही. हात गोल फिरत राहतो आणि बोटांना जाडी कळत जाते. हेच बोटांचे ज्ञान पुढे पेन्सिलीचा दाब कमी-जास्त करताना उपयोगी पडते.

याच मुलीने किंवा तिच्या भावाने शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जायचे ठरविले की पहिला प्रश्न आहाराचा निर्माण होतो. वसतिगृहाच्या भोजनगृहात कंदमुळांशिवाय भाजी मिळत नाही आणि रात्रीचे जेवण आठनंतर वाढले जाते. अशा वेळी कित्येक मुले पहिल्या सहामाहीतच नियम सोडून देतात. त्यांना दोष देण्यापूर्वी, घरून निघताना त्यांना चार पदार्थ शिकविले होते काय, हा प्रश्न पालकांनी स्वतःस विचारावा. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या गाळलेले पाणी, जिरे-हिंगाची फोडणी, हळद, मीठ आणि वरून चमचाभर तूप, एवढ्यावर दोघांना पुरेल अशी खिचडी लहानशा कुकरमध्ये अर्ध्या तासात तयार होते. दुधी, दोडका किंवा कोबी किसून भाजणीत मिसळला की थालीपीठ होते. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि मेतकूट घरून नेले की आठवडा निभतो. सायंकाळी साडेपाच वाजता खिचडी करून घेणारा विद्यार्थी नियम पाळतो, पैसे वाचवितो आणि रात्रीचा मोठा वेळ अभ्यासाला व कलेला देऊ शकतो. रात्रिभोजनत्यागाचा हा एक व्यावहारिक लाभ आहे. आणि हे शिक्षण मुलींपुरते ठेवण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. मुलग्यांनाही भाकरी थापता आली पाहिजे.

आता डिजिटल कलेकडे येऊ. कागदावर रंगविणाऱ्या जैन कलावंतापुढे एक अडचण फार पूर्वीपासून आहे. तिची चर्चा मात्र क्वचितच होते. उत्तम कुंचल्यांसाठी खारीच्या शेपटीचे किंवा सेबल नावाच्या प्राण्याचे केस वापरले जातात. मुंगसाच्या केसांचे कुंचलेही बाजारात येत असत. त्यांचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघतो. किरमिजी रंगाचे मूळ कीटकांत आहे, काही काळे रंग हाडे जाळून करतात, आणि जलरंगाच्या उंची कागदाला पुष्कळदा जिलेटिनचा लेप दिलेला असतो. चांदीचा वर्ख पारंपरिक पद्धतीने चामड्याच्या पुडांत कुटला जातो, म्हणून आपल्या घरांत मिठाईवर तो चालत नाही. मग ताटात जे चालत नाही ते चित्रात कसे चालावे, असा प्रश्न एखाद्या विचारी मुलाने केला तर वडीलधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. कृत्रिम तंतूंचे कुंचले आणि बाभळीचा डिंक हा त्यावरील एक उपाय आहे. पडद्यावर पेनाने काढलेले चित्र हा दुसरा. त्यात प्राण्याचा केस नाही, सरस नाही आणि कीटकांचा रंगही नाही. अर्थात हे साधनही सर्वथा निर्दोष नाही. त्याला वीज लागते, त्याच्या घडणीसाठी खाणी खोदल्या जातात, आणि टाकून दिलेल्या यंत्रांचा कचरा भूमी व पाणी दूषित करतो. म्हणून दर वर्षी नवे यंत्र घेण्याचा हव्यास न धरता आहे ते दीर्घकाळ वापरणे, हे परिग्रहपरिमाण येथेही लागू होते.

ही कला शिकायची कशी? ज्येष्ठांचा असा समज असतो की संगणकाने चित्र काढणे म्हणजे बटण दाबणे. वस्तुस्थिती तशी नाही. आधी हाताने रेखाटन यावे लागते. ते आल्यावर दाब ओळखणाऱ्या पेनाने पाटीवर रेघ ओढायची आणि डोळे समोरच्या पडद्यावर ठेवायचे, याची सवय होण्यास काही आठवडे लागतात. पुढे थरांची म्हणजे 'लेअर'ची कल्पना समजून घ्यावी लागते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत आणि एकावर झाड, दुसऱ्यावर माणूस, तिसऱ्यावर आकाश काढावे, तशी ही व्यवस्था असते. एका थरावर केलेली दुरुस्ती दुसऱ्याला बिघडवीत नाही. लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकी 256 छटांच्या मिश्रणातून 1 कोटी 67 लाखांहून अधिक रंग मिळतात. परंतु छापताना शाईचे रंग वेगळे असल्याने पडद्यावरील झगझगीत हिरवा कागदावर मळकट येतो, हे आधीच ठाऊक असावे लागते. ए-4 आकाराचे पान सुबक छापायचे तर चित्र 2480 गुणिले 3508 बिंदूंचे असावे लागते. भ्रमणध्वनीवर आलेले लहान चित्र मोठ्या फलकावर का फाटल्यासारखे दिसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

अभ्यासासाठी विषय बाहेर शोधण्याची गरज नाही. लेश्यावृक्षाचे चित्र सर्वांनी पाठशाळेच्या भिंतीवर पाहिलेले आहे. सहा वाटसरू भुकेले होऊन फळांनी लदलेल्या झाडाजवळ येतात. कृष्ण लेश्येचा मनुष्य झाड मुळासकट उपटू पाहतो, नील लेश्येचा बुंधा तोडू म्हणतो, कापोत लेश्येचा मोठ्या फांद्या, पीत लेश्येचा लहान डहाळ्या. पद्म लेश्येचा केवळ फळे तोडावीत म्हणतो, आणि शुक्ल लेश्येचा मनुष्य खाली गळून पडलेली फळे वेचतो. भूक सहाही जणांची सारखीच आहे. झाडाला होणारी हानी मात्र प्रत्येकाच्या परिणामानुसार वेगळी आहे. आहार, अहिंसा आणि रंग या तिन्हींचे शिक्षण या एका चित्रात आहे. नव्याने शिकणाऱ्याने हे चित्र घ्यावे. झाड एका थरावर आणि सहा माणसे सहा थरांवर काढावीत. काळ्यापासून शुभ्रापर्यंत रंगांचा क्रम लावताना निळा आणि कबुतरी यांत फरक कसा दाखवायचा, पिवळा आणि कमळाचा रंग शेजारी कसे बसवायचे, यात आठ-पंधरा दिवस सहज जातील. सर्वांत अवघड आकृती सहाव्या माणसाची ठरते. कुऱ्हाड उगारलेला माणूस काढणे सोपे आहे. खाली वाकून पडलेले फळ उचलणाऱ्याच्या देहातील सौम्यपणा रेघेत उतरविणे कठीण आहे.

यापुढील विषय गंभीर आहे. अलीकडे पत्रिका, फलक आणि भ्रमणध्वनीवरील शुभेच्छांमध्ये तीर्थंकरांची जी चित्रे फिरतात, त्यांत चुका फार आढळतात. 2022 पासून, वाक्य टंकित करताच चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आल्यावर त्यांत भरच पडली आहे. भगवान सुपार्श्वनाथांच्या मस्तकावर पाच फणा असतात आणि भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावर सामान्यतः सात. यंत्राला हा भेद सांगितल्याशिवाय कळत नाही. महावीरांचे लांछन सिंह, शांतिनाथांचे हरिण, नेमिनाथांचे शंख, मल्लिनाथांचे कलश. भगवान बाहुबली तीर्थंकर नसल्याने त्यांना लांछनच नाही. त्यांची ओळख अंगावर चढलेल्या वेलींवरून होते. दिगंबर परंपरेत चोवीस तीर्थंकरांचे वर्णही सांगितलेले आहेत. चंद्रप्रभ आणि पुष्पदंत शुभ्र, पद्मप्रभ आणि वासुपूज्य रक्तवर्ण, सुपार्श्वनाथ आणि पार्श्वनाथ हरित, मुनिसुव्रत आणि नेमिनाथ श्यामवर्ण, आणि उर्वरित 16 सुवर्णवर्ण. श्वेतांबर परंपरेत यांतील काही वर्ण वेगळे आहेत आणि मातेची स्वप्ने सोळाऐवजी चौदा आहेत. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने 1974-75 मध्ये सर्व पंथांनी मिळून स्वीकारलेल्या जैन प्रतीकातही सिद्धशिला, रत्नत्रयाचे तीन बिंदू, स्वस्तिक आणि अभयहस्त यांचा क्रम ठरलेला आहे. पंचरंगी ध्वजात मध्यभागी अरिहंतांचा शुभ्र पट्टा येतो. हे सारे जाणणारा चित्रकार समाजात नसेल तर उद्याची पिढी चुकीच्या चित्रांनाच खरे मानू लागेल. मूर्ती घडविताना शास्त्राचा एवढा विचार करणारा समाज चित्राच्या बाबतीत इतका निष्काळजी का, याचा विचार सर्वांनीच करायला हवा.

या कलेच्या मार्गात व्रतांचा प्रश्नही येतो. चोरून मिळविलेली सॉफ्टवेअर वापरणे, दुसऱ्याचे चित्र न विचारता उचलून त्यावर आपले नाव घालणे, यंत्राने करून दिलेले चित्र स्वहस्ताचे म्हणून विकणे, या गोष्टी इतक्या सामान्य झाल्या आहेत की त्यांत काही वावगे आहे असे वाटतच नाही. परंतु चोरीचा माल घेणे आणि नकली वस्तू खऱ्याच्या भावाने देणे हे अचौर्य अणुव्रताचे अतिचार म्हणून आचार्यांनी स्पष्ट सांगितले आहेत. आज त्यासाठी निमित्तही उरलेले नाही. चित्र रंगविण्यासाठी क्रिटा, छायाचित्रांच्या कामासाठी गिंप, आणि कितीही मोठे केले तरी न फाटणारी रेखाचित्रे करण्यासाठी इंकस्केप, ही तिन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आणि राजरोस मिळतात. डोळ्यांचीही काळजी घ्यावी. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरील वस्तूकडे 20 सेकंद पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. सामायिकाचा काळ 48 मिनिटांचा आहे. पडद्यापुढील बैठकही एका मुहूर्ताची ठेवून मध्ये उठावे, म्हणजे देह आणि मन दोन्ही ताजी राहतील.

'चित्रे काढून पोट भरते काय?' हा प्रश्न दहावीच्या निकालानंतर घरोघरी विचारला जातो आणि पुष्कळ कुंचले त्याच दिवशी माळ्यावर जातात. आपल्या आसपास पाहिले तरी त्याचे उत्तर सापडते. सोलापूरच्या चादरीची नक्षी, इचलकरंजीच्या कापडाची रचना, हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचे नमुने, मालाच्या वेष्टनांवरील चित्रे, पाठ्यपुस्तके आणि चलच्चित्रे, या सर्व ठिकाणी संगणकावर चित्र काढणाऱ्याला काम आहे. आपला बहुतेक समाज व्यापार आणि शेतीत आहे. घरच्या दुकानाला, घरच्या मालाला चांगले चित्र लागतेच. नवे यंत्र हाती घेणाऱ्या चित्रकारांची परंपराही महाराष्ट्राला आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत होते. चलच्चित्राच्या यंत्राने त्यांना ओढ लावली, त्यांनी कॅमेरा स्वतः तयार केला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी हातातील बोरूची समज संगणकापर्यंत नेली. संगणकावर वर्षानुवर्षे वापरली गेलेली 'मंगल' ही देवनागरी अक्षरे त्यांच्याच हातची आहेत. तथापि सर्वच कलावंतांना पैसा आणि कीर्ती मिळेल असे आश्वासन कोणी देऊ नये. पहिली काही वर्षे ओढग्रस्तीची जातात. त्या वर्षांत घराचा आणि समाजाचा आधार मिळाला तर कला टिकते, अन्यथा ती सुटते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ट्रस्टपुढे काही सूचना विचारार्थ ठेवणे योग्य होईल. पहिली सूचना, पाठशाळेत आठवड्यातून एक तास चित्रकलेला द्यावा आणि एक संगणक व एक चित्रपाटी मुलांसाठी ठेवावी. दुसरी, मंदिराच्या कपाटातील हस्तलिखित पोथ्यांची छायाचित्रे जाणकारांच्या देखरेखीखाली घेण्यात यावीत. हे काम तरुणांनाच द्यावे, म्हणजे पोथ्याही जपल्या जातील आणि त्यांतील रेघ तरुणांच्या डोळ्यांत भरेल. तिसरी, ट्रस्टच्या पत्रिका आणि फलकांवरील चित्रे समाजातील चित्रकारांकडून काढून घ्यावीत, पंडितजींकडून तपासून घ्यावीत आणि त्यांचे योग्य मानधन द्यावे. छापणाऱ्याला पैसे देताना कोणी घासाघीस करीत नाही, चित्र काढणाऱ्याला मात्र 'धर्माचे काम आहे' असे सांगून रिकाम्या हाताने पाठविले जाते. पोथी लिहविणाऱ्या जुन्या श्रावकांनी लेखनिकाला आणि चित्रकाराला असे वागविले असते तर आपल्या भांडारांत आज एकही सचित्र पोथी नसती. चौथी, बाहेरगावी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी उन्हाळी सुटीत समाजातील ज्येष्ठ श्राविकांनी आठ दिवसांचा साध्या स्वयंपाकाचा वर्ग घ्यावा. त्यात पाणी गाळण्यापासून पिठाच्या मर्यादेपर्यंत सर्व विधी त्यांमागील कारणांसह सांगावेत. कारण समजले की नियमाचे ओझे वाटत नाही.

या सूचनांना फार द्रव्य लागणार नाही. एका मोठ्या मंडपाच्या खर्चात त्या बसतील. त्यांचा लाभ मात्र पुढील 50 वर्षे होत राहील. चौक्यात आई ज्या काळजीने पाणी गाळते, धान्य निवडते आणि वेळेवर चूल विझविते, तीच काळजी मुलीच्या हातातील पेनात उतरली तर तिच्या चित्रात आपोआप जैनत्व येईल. त्यासाठी प्रत्येक चित्रात मंदिरच काढायला हवे असे नाही. तिने झाड काढले तरी ते जपून काढलेले दिसेल.

ट्रस्टच्या संस्थापकांनी 50 वर्षांपूर्वी अल्प साधनांत या कार्याचा पाया घातला. त्या सर्वांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन! त्यांच्या कार्याची धुरा वाहणाऱ्या आजच्या विश्वस्तांचे अभिनंदन आणि पाठशाळेच्या वहीत आज रंग भरणाऱ्या सर्व बालकलावंतांना शुभाशीर्वाद! ट्रस्टच्या शताब्दीची स्मरणिका निघेल तेव्हा तिचे मुखपृष्ठ याच गावातील, याच पाठशाळेत घडलेल्या हाताने काढलेले असावे, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र! जय महावीर!